मुलांचं वाचन-आकलन कसं तपासावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचन-आकलनाबद्दल शिक्षक आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. साधारण सहा ते चौदा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत. सगळ्या उत्तरांमागचा आग्रह एकच आहे: मुलाला दहापैकी सहा गुण मिळाले एवढंच कळून भागत नाही. उरलेल्या चार ठिकाणी ते कुठे अडलं आणि का अडलं, हे कळलं तरच तपासण्याचा उपयोग.

मूल खडाखडा वाचतं. मग आकलन वेगळं कशाला तपासायचं?

कारण वाचता येणं आणि समजणं यांची फारकत होऊ शकते, आणि मराठीत ती सहज लपते. देवनागरीत बहुतेक शब्द जसे लिहिले तसेच उच्चारले जातात. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा पक्की झाली की मूल कधी न ऐकलेला शब्दही बिनचूक म्हणून दाखवतं. ऐकणाऱ्याला वाटतं, याचं वाचन झालं. अर्थ मात्र वाटेतच राहिलेला असू शकतो.

शब्द वयाला साजेसे वाचतात पण आकलनात बरीच मागे असतात, अशा मुलांवर गेल्या काही दशकांत पुष्कळ संशोधन झालं आहे. जेन ओकहिल, केट केन, केट नेशन, मार्गारेट स्नोलिंग ही त्यातली महत्त्वाची नावं. या मुलांची अडचण वर्गात लवकर ध्यानात येत नाही. ती अडखळत नाहीत, त्रास देत नाहीत, विचारलं की वाचून दाखवतात. तिसरी-चौथीनंतर परिसर, विज्ञान, इतिहास हे सगळं वाचूनच शिकायचं असतं, आणि तिथे ती एकेका विषयात मागे पडू लागतात. तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात.

आकलन म्हणजे नेमकं काय तपासायचं?

उताऱ्यात सरळ लिहिलेली माहिती शोधता येते का, दोन वाक्यांमधलं न लिहिलेलं समजतं का, सगळ्या उताऱ्याचा मिळून अर्थ लावता येतो का, आणि वाचलेल्याबद्दल स्वतःचं मत आधारासह मांडता येतं का. साधारण चौथीतल्या मुलांचं वाचन तपासणारा ‘पर्ल्स’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००१पासून दर पाच वर्षांनी होतो. त्याची मांडणीही याच चार गोष्टींवर उभी आहे. शाळेतल्या चाचण्या बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीपाशीच थांबतात.

अडचण अक्षरं वाचण्यात आहे की अर्थ समजण्यात, हे कसं ओळखायचं?

याला एक साधी, बिनखर्चाची आणि फार उपयोगी युक्ती आहे. एकाच तोडीचे दोन छोटे उतारे घ्या. एक मुलाला वाचायला द्या. दुसरा तुम्ही वाचून दाखवा. दोन्हींवर तोंडी प्रश्न विचारा.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली मांडलेला विचार या युक्तीच्या मुळाशी आहे. वाचन-आकलन हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे, असं त्यांनी म्हटलं: छापील शब्द ओळखता येणं आणि बोललेली भाषा समजणं. गुणाकार म्हटल्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य, दुसरी बाजू कितीही भक्कम असो.

ऐकलेला उतारा छान समजला आणि वाचलेला समजला नाही, तर अडचण शब्द वाचण्यात आहे. सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात जाते आणि अर्थासाठी काही उरत नाही. अशा मुलाला आकलनाच्या कार्यपत्रिका देऊन काही साधणार नाही; त्याला अक्षर-उच्चाराचा आणि प्रवाही वाचनाचा सराव हवा.

दोन्ही उतारे समजले नाहीत, पण वाचून दाखवणं ठीक होतं, तर भाषेकडे पाहा: शब्दसंग्रह, लांब वाक्यांची रचना, विषयाची ओळख, अनुमान. दोन्ही बाजू कच्च्या असतील तर दोन्हींवर काम करावं लागेल. आणि कधी कधी मुलाला वाचलेलं समजतं पण ऐकलेलं निसटतं. तिथे ऐकू नीट येतं का, लक्ष टिकतं का, हे आधी बघावं.

एकाच जोडीवरून निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या विषयावरच्या उताऱ्यांनी पुन्हा करून पाहा.

किती वयापासून तपासता येतं?

वाचता येण्याच्या आधीपासून. गोष्ट ऐकवून ‘पुढे काय होईल?’, ‘ती का रडली?’ असं विचारणं हेसुद्धा आकलन तपासणंच आहे. पहिली-दुसरीत वाचून केलेल्या चाचणीचे गुण मुख्यतः शब्दवाचनावर ठरतात, म्हणून त्या वयात ऐकून समजणं वेगळं बघायलाच हवं.

उतारा कसा निवडावा?

मुलानं आधी न वाचलेला असावा, आणि त्यात शोधण्यासारखं काहीतरी असावं. ‘झाडं आपल्याला सावली देतात, झाडं आपल्याला फळं देतात’ अशा उताऱ्यावर अनुमानाचा प्रश्न निघूच शकत नाही. गोष्ट आणि माहितीपर मजकूर दोन्ही वापरा. गोष्टीत चांगली असलेली मुलं माहितीपर मजकुरात चाचपडतात, आणि याच्या उलटही होतं.

सगळ्यांत जास्त काळजी विषयाची घ्यावी. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. त्यांनी सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं चांगली वाचक होती, काही कच्ची. दोन्ही गटांत बेसबॉल कळणारी आणि न कळणारी मुलं होती. वाचनात कच्ची पण खेळ ठाऊक असलेली मुलं, वाचनात चांगली पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली.

म्हणजे क्रिकेटवरच्या उताऱ्यात ज्याला दहापैकी नऊ पडले आणि मधमाश्यांवरच्या उताऱ्यात चार, त्याचं ‘आकलन’ नऊ की चार? एका उताऱ्यावरून हे सांगताच येत नाही. निदान तीन वेगवेगळ्या विषयांवरचे उतारे घ्या आणि वाचण्याआधी मुलाला विचारा, ‘याबद्दल तुला काय काय माहीत आहे?’ ते उत्तर टिपून ठेवा. गुणांचा अर्थ लावताना त्याचा उपयोग होतो.

प्रश्न कसे काढावेत?

आधी कसे नसावेत ते पाहू. हे वाक्य वाचा:

‘किरमल्या भुंदरानं काल झोपट लवसलं.’

भुंदरानं काय लवसलं? झोपट. कधी लवसलं? काल. भुंदर कसा होता? किरमला. तीनपैकी तीन गुण, आणि समजलं काहीच नाही. मराठीतले प्रत्यय इतके बोलके असतात की कर्ता कोण, कर्म कोणतं हे अर्थ न कळताही सांगता येतं. पाठ्यपुस्तकाखालचे पुष्कळ प्रश्न याच जातीचे असतात.

आता एक छोटा उतारा घेऊ:

‘सुमितनं दप्तर उघडलं. आतून पाणी ठिबकत होतं. त्यानं एकेक वही बाहेर काढून उन्हात पसरली. चित्रकलेची वही मात्र त्यानं उघडून पाहिली नाही. ती तशीच तळाशी राहू दिली. संध्याकाळी ताईनं विचारलं, “स्पर्धेचं चित्र दिलंस का?” “उद्या नवीन काढतो,” सुमित म्हणाला आणि दिवा मालवून पडून राहिला.’

‘सुमितनं वह्या कुठे पसरल्या?’ हा सरळ माहितीचा प्रश्न. एक असावा, कारण तोही चुकला तर गाडी कुठे अडली आहे ते लगेच कळतं. ‘“ती तशीच तळाशी राहू दिली” यातली “ती” म्हणजे काय?’ दिसायला क्षुल्लक, पण सर्वनाम कुणाकडे बोट दाखवतंय हे न कळल्यानं उतारेच्या उतारे हातातून सुटतात. ‘वह्या उन्हात का पसरल्या?’ यासाठी ठिबकणारं पाणी आणि ऊन यांची सांगड घालावी लागते. ‘स्पर्धेच्या चित्राचं काय झालं असेल? कशावरून?’ इथे उताऱ्यात थेट उत्तर नाहीच. दप्तर, तळाशी राहिलेली वही आणि ‘नवीन काढतो’ हे तीन धागे जुळवावे लागतात. आणि ‘सुमितनं ती वही उघडून का पाहिली नसेल?’ या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. ‘चित्र खराब झालेलं बघायची त्याला भीती वाटली’ हे चालेल. ‘त्याला आता काही करता येणार नाही असं वाटलं’ हेही चालेल. ‘तो आळशी होता’ हे चालणार नाही, कारण बाकीच्या वह्या त्यानं एकेक करून वाळत घातल्या आहेत.

‘कशावरून?’ हा शब्द प्रत्येक अनुमानाच्या प्रश्नामागे जोडा. अंदाजपंचे उत्तर आणि वाचून काढलेलं उत्तर तिथे वेगळं होतं.

प्रश्न काढून झाले की आणखी एक परीक्षा करा. उतारा झाकून ते प्रश्न एखाद्या मोठ्या माणसाला सोडवायला द्या. बरीच उत्तरं बरोबर आली, तर ते प्रश्न वाचन तपासतच नाहीत. हा दोष घरगुती प्रश्नपत्रिकांतच असतो असं नाही. जॅनिस कीनन आणि रिबेका बेट्जमन यांनी २००६ साली एका नामांकित प्रमाणित चाचणीबाबत हेच दाखवून दिलं: उतारा न वाचताही तिच्या अनेक बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं नुसत्या नशिबानं येतील त्याहून जास्त बरोबर येत होती.

उत्तर चुकलं, तर त्यावरून काय कळतं?

चुकीचं उत्तर हीच खरी माहिती आहे. त्यावर फक्त फुली मारून पुढे गेलं की ती वाया जाते.

वरच्याच उताऱ्यात ‘चित्राचं काय झालं असेल?’ याला एका मुलानं लिहिलं, ‘सुमितनं चित्र दिलं.’ त्यानं प्रश्नातला किंवा ताईच्या बोलण्यातला शब्द उचलला आणि वाक्य केलं. दुसऱ्यानं लिहिलं, ‘चित्र हरवलं.’ काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं, पण ओल्या दप्तराशी त्याचा धागा जोडला गेला नाही. तिसऱ्यानं लिहिलं, ‘चित्र बहिणीनं फाडलं.’ त्याला कारण हवंय हे कळतं, पण ते उताऱ्याबाहेरून, बहुधा स्वतःच्या अनुभवातून आणलंय. चौथ्यानं जागा कोरी सोडली. ‘ठिबकत’ या शब्दावर तो अडला आणि पुढचं सगळंच त्यानं सोडून दिलं, हे त्याच्याशी बोलल्यावरच कळेल. चौघांनाही शून्य गुण, पण चौघांना शिकवायचं वेगवेगळं.

चुकलेल्या उत्तरावर ‘हे तुला कुठल्या वाक्यावरून वाटलं, बोट ठेवून दाखव’ असं म्हणावं. स्वर रागाचा नको, कुतूहलाचा हवा. कित्येकदा मूल तिथल्या तिथे स्वतःला दुरुस्त करतं, आणि कधी कधी त्याचं उत्तर बरोबरच होतं हे आपल्याला कळतं.

उत्तरं देताना उतारा समोर असावा की काढून घ्यावा?

समोर असावा. काढून घेतला की आकलनाबरोबर स्मरणशक्तीही तपासली जाते. किती लक्षात राहतं तेच बघायचं असेल तर जरूर काढून घ्या. मात्र निकाल सांगताना तसं स्पष्ट सांगा.

मोठ्यानं वाचायला लावावं की मनातल्या मनात?

लहान मुलांना मोठ्यानं, कारण कुठे अडखळलं ते ऐकू येतं. मूल कुठे चुकतं यापेक्षा कोणती चूक करतं याकडे कान द्या. ‘घोडा’च्या जागी ‘घडा’ वाचून वाक्य निरर्थक झालं तरी ते पुढे सरकतं, की थांबून मागे येतं? मागे येणारं मूल अर्थावर लक्ष ठेवून आहे.

चौथी-पाचवीपासून मूक वाचन जास्त खरं चित्र देतं. चारचौघांत मोठ्यानं वाचताना कित्येक मुलांचं सगळं ध्यान उच्चारावर आणि ऐकणाऱ्यांवर असतं. वर्गासमोर वाचायला लावून लगेच प्रश्न विचारणं आणि त्यावरून आकलनाचा शेरा देणं अन्यायाचं आहे.

बहुपर्यायी प्रश्न, रिकाम्या जागा, गोष्ट पुन्हा सांगणं, यांत चांगलं काय?

प्रत्येक प्रकार थोडं वेगळं मोजतो. कीनन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रचलित चाचण्यांची तुलना केली, तेव्हा सगळ्या ‘आकलन’ चाचण्या एकच गोष्ट मोजत नाहीत हे स्पष्ट झालं. एकदोन वाक्यांच्या, गाळलेला शब्द भरायच्या चाचण्यांमध्ये शब्दवाचनाचा वाटा मोठा होता, विशेषतः लहान मुलांत. त्यामुळे एका चाचणीत मागे पडलेलं मूल दुसरीत पुढे निघणं अगदी शक्य आहे.

रिकाम्या जागांची ‘क्लोझ’ पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ साली आणली ती मजकूर वाचायला किती सोपा हे मोजायला. मुलांची चाचणी म्हणून ती पुढे रुळली. झटपट चाळणीसाठी ती चांगली, पण पुष्कळदा त्या वाक्यापुरतं समजलं तरी जागा भरता येते. बहुपर्यायी प्रश्न तपासायला सोपे, पण तर्कानं पर्याय गाळण्याचं कसब त्यात मिसळतं.

माझं झुकतं माप गोष्ट पुन्हा सांगण्याला आहे. ‘ज्यानं हे वाचलं नाही त्याला सांग’ एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं. मूल मुख्य घटना सांगतं की मधलेच तपशील? ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ येतात, की सगळं ‘आणि मग, आणि मग’नं जोडलेलं असतं? वेळ जातो खरा, आणि लाजऱ्या मुलाला हे कठीण जातं. त्यासाठी नंतर दोन-चार तोंडी प्रश्न ठेवावेत.

लेखी उत्तर तोकडं आहे. समजलं नाही असं धरावं का?

नाही. तेच तोंडी विचारा. लिहिण्याचा कंटाळा, शुद्धलेखनाची धास्ती, हाताचा वेग, यामुळे कळलेलं कागदावर उतरत नाही. आकलनाच्या चाचणीत ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत.

मूल म्हणतं ‘समजलं’. त्यावर किती विसंबावं?

फार नाही, आणि यात मुलाचा खोटेपणा नसतो. आपल्याला समजलेलं नाही हे समजणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. एलन मार्कमन यांनी १९७९ साली तिसरी ते सहावीच्या मुलांना परस्परविरोधी विधानं असलेले छोटे मजकूर ऐकवले. त्यातल्या एकात होतं की समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि तिथले काही मासे अन्न रंगावरून ओळखतात. बारा वर्षांच्या पुष्कळ मुलांनाही यात काही खटकलं नाही.

हे घरी किंवा वर्गात सहज करून बघता येतं. उताऱ्यात एक विसंगत वाक्य घुसवा आणि ‘यात काहीतरी जुळत नाहीये, शोध’ असं आधीच सांगा. सांगूनही सापडत नसेल, तर मूल वाक्यं सुटी सुटी वाचतंय. ‘समजलं का?’ऐवजी ‘कुठे गोंधळ झाला?’ असं विचारायची सवय लावा.

वेळेची मर्यादा ठेवावी का?

आकलन तपासताना शक्यतो नको. वेग वेगळा मोजा.

घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असेल तर?

शाळेच्या भाषेतला उतारा वाचून मुलाला घरच्या भाषेत किंवा मिसळून उत्तर देऊ द्या. समजलंय पण सांगता येत नाही, आणि समजलंच नाही, यांतला फरक तिथेच कळतो. बोलीत दिलेलं उत्तर चूक धरू नका. शिवाय ऐकून समजण्याची तपासणी दोन्ही भाषांत करा. घरच्या भाषेत गोष्ट नीट समजत असेल, तर मुलाच्या समजेत खोट नाही. दुसरी भाषा अजून पुरेशी कानावर पडलेली नाही इतकंच.

अहवालात ‘शतमक ४०’ लिहिलंय. मूल नापास आहे का?

नाही. शतमक म्हणजे टक्के गुण नव्हेत. ४० शतमक म्हणजे त्याच वयाच्या किंवा इयत्तेच्या शंभर मुलांच्या रांगेत साधारण चाळीस मुलं त्याच्या मागे आहेत. हे सरासरीतच मोडतं. शिवाय प्रत्येक चाचणीत थोडी चूकभूल असतेच. तेच मूल पुढच्या आठवड्यात थोडं वर किंवा खाली येऊ शकतं. म्हणून दोन-चार अंकांच्या फरकावर भांडू नये. ही चाचणी कोणत्या मुलांवर प्रमाणित केली, कोणत्या भाषेत, किती वर्षांपूर्वी, हे मात्र जरूर विचारा. परक्या भाषेतल्या चाचणीचं नुसतं भाषांतर केलं तर तिचे मूळ मापदंड लागू होत नाहीत.

पालकांनी घरी परीक्षा घ्यावी का?

परीक्षा नको, गप्पा हव्यात. पुस्तक मिटल्या मिटल्या पाच प्रश्न झाडले, तर मूल पुस्तकच टाळायला लागेल. सोबत वाचा आणि तुम्हाला खरंच पडलेला प्रश्न मोठ्यानं विचारा: ‘हा माणूस खोटं का बोलला असेल?’ मुलाचं उत्तर ऐकून तुम्हाला आठवड्याभरात इतकं कळेल की शाळेत सांगायला तुमच्याकडे नेमके मुद्दे असतील.

तज्ज्ञाकडे कधी जावं?

नियमित शाळा आणि नीट मदत मिळूनही काही महिन्यांत सुधारणा दिसत नसेल. बोललेल्या सूचना, गोष्टी, विनोदही समजत नसतील. किंवा मूल वाचनाच्या नावानं पोटदुखी काढू लागलं असेल, तर थांबू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मग अडचण भाषेची वाटली तर वाचा-भाषातज्ज्ञ, शब्दवाचनाची वाटली तर अध्ययन-अक्षमतेचं मूल्यमापन करणारे मानसतज्ज्ञ. जाताना मुलाच्या उत्तरांच्या वह्या, त्यातल्या चुकांसकट, सोबत न्या. नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा त्या जास्त बोलतात.

तपासणी झाली. पुढे काय करायचं, आणि पुन्हा कधी तपासायचं?

इथेच सगळ्यांत मोठी चूक होते: तपासणं म्हणजेच शिकवणं असं धरलं जातं. डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गनिरीक्षणांत, वाचनाच्या तासांतला एक टक्काही वेळ आकलन शिकवण्यात जात नव्हता. शिक्षिका प्रश्न विचारत, उत्तरं तपासत, पुढे जात. अनुमान कसं काढायचं हे कुणी करून दाखवत नव्हतं.

शब्दसंग्रह तोकडा निघाला तर निवडक शब्द खोलात शिकवा आणि बोलण्यात वापरा. अनुमान कच्चं असेल तर तुम्ही स्वतः एक उतारा वाचताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोलून दाखवा: ‘पाणी ठिबकतंय... म्हणजे वह्या भिजल्या असणार... मग चित्रही?’ पॉला क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आकलनात मागे असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या ८४ मुलांपैकी तीन गटांवर तीन प्रकारचे वीस आठवड्यांचे कार्यक्रम राबवले. तिन्हींचा फायदा झाला, पण जवळपास वर्षभरानं पुन्हा पाहिलं तेव्हा सर्वांत जास्त प्रगती बोलण्या-ऐकण्यावर भर दिलेल्या मुलांची होती. वाचन सुधारायला बोलणं वाढवावं लागतं, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

दर आठवड्याला चाचणी घेऊ नका. आकलन इतक्या घाईनं वाढत नाही. सहा-आठ आठवडे एकाच अडचणीवर काम करा आणि मग त्याच तोडीच्या नव्या उताऱ्यावर, त्याच प्रकारचे प्रश्न विचारून पाहा. आधीची उत्तरं शेजारी ठेवा. मागच्या वेळी ज्या मुलानं नुसतं वाक्य उचलून लिहिलं होतं, ते आता ‘कारण’ लिहून पुढे स्वतःचं काही मांडतंय का, ते बघा.